छोट्या विमानातला रिसीव्हर: अपुरी रहदारी, शिळे हवामान

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीच्या वर एक प्रवासी विमान आणि लष्कराचे एक हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळले आणि दोन्हींतील मिळून ६७ माणसे गेली. त्यानंतरच्या बातम्यांत ‘एडीएस-बी’ हे नाव वारंवार येऊ लागले. हेलिकॉप्टर त्या यंत्रणेवरून आपले स्थान कळवत नव्हते, आणि प्रवासी विमान आपले स्थान कळवत असले तरी इतरांनी कळवलेले ऐकण्याची सोय त्याच्या कॉकपिटमध्ये नव्हती. ही ऐकण्याची सोय सक्तीची करावी, असे विधेयक पुढे अमेरिकी सेनेटमध्ये आले. या सगळ्यात अनेकांना एक गोष्ट चमत्कारिक वाटली. कोट्यवधी डॉलरच्या प्रवासी विमानात जी सोय नव्हती, ती अमेरिकेत शनिवार-रविवारी हौसेने उडणाऱ्या चार आसनी विमानांच्या हजारो मालकांकडे गेली दहा-बारा वर्षे आहे आणि ती काहीशे डॉलरच्या एका डबीत मावते.

हा लेख त्या डबीविषयी आहे. तिच्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना वाटते की ती असली म्हणजे आकाशातले सगळे दिसते, मग भीती कसली. तर काही जुने वैमानिक तिला खेळणे समजतात आणि खरा वैमानिक खिडकीबाहेर बघतो असे सांगतात. माझ्या मते दोघांचेही एका फरकाकडे दुर्लक्ष होते. ही डबी दोन निरनिराळ्या गोष्टी सांगते, आसपासची विमाने आणि पुढचे हवामान, आणि या दोन चित्रांतले दोष वेगवेगळ्या जातीचे आहेत. विमानांचे चित्र बहुतेक वेळा ताजे असते पण अपुरे असते. हवामानाचे चित्र भरपूर असते पण शिळे असते. कोणत्या चित्रावर कशासाठी आणि किती विसंबायचे, हे या फरकावरून ठरते.

डबीत दिसते तरी काय

टेक्ससमधल्या एखाद्या लहान विमानतळावरून उन्हाळ्याच्या दुपारी उडालेल्या सेस्ना १७२ या चार आसनी विमानात डोकावले, तर वैमानिकाच्या मांडीवर पट्ट्याने बांधलेला आयपॅड दिसतो आणि बाजूच्या काचेला रबरी चकतीने चिकटवलेली, साबणाच्या डबीएवढी एक वस्तू दिसते. तिच्यावर दोन-तीन बारीक दिवे लुकलुकत असतात. तिने पकडलेले संकेत वायफायवरून आयपॅडवर येतात. पडद्यावर नकाशा असतो, मध्यभागी आपले विमान आणि त्याच्या आजूबाजूला लहान लहान बाण. एका बाणाशेजारी ‘+०५’ असे लिहिलेले असून वर जाणारी खूण असेल, तर ते विमान आपल्याहून ५०० फूट उंच आहे आणि आणखी चढते आहे. नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात, साठ-सत्तर मैल पुढे, हिरव्या-पिवळ्या रंगांत मध्येच लाल ठिपके असलेला एक ओघळ पसरलेला असतो. तो पावसाचा रडारपट. एखाद्या विमानतळाच्या खुणेवर बोट ठेवले की तिथला वारा, दृश्यता आणि ढगांची उंची सांगणारा अहवाल उघडतो. हे संकेत ऐकण्यासाठी मासिक वर्गणी लागत नाही. ऊन फार असले की खुद्द आयपॅडच तापून बंद पडतो, ही मात्र या व्यवस्थेतली घरगुती अडचण आहे आणि ती नेमकी उन्हाळ्यात, म्हणजे वादळांच्या दिवसांत येते.

काही हौशी मंडळी ही डबी घरीच बनवतात. रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक आणि मुळात टीव्हीचे संकेत पकडण्यासाठी निघालेल्या स्वस्त यूएसबी कांड्या एवढ्यावर ती चालते; या मुक्त प्रकल्पाचे नाव स्ट्रॅटक्स.

घाटातल्या वळणावरचा हॉर्न

एडीएस-बी म्हणजे ऑटोमॅटिक डिपेन्डन्ट सर्व्हेलन्स ब्रॉडकास्ट. नाव बोजड आहे, पण कल्पना आपल्या ओळखीची आहे. जुन्या पद्धतीत जमिनीवरचे रडार फिरता फिरता विचारते, ‘तिकडे कोण आहे?’ आणि विमानातला ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विचारल्यावर उत्तर देणारे रेडिओ यंत्र, आपली ओळख आणि उंची सांगते. एडीएस-बीमध्ये कोणी विचारण्याची वाट पाहिली जात नाही. विमान उपग्रहांवरून आपले स्थान काढते आणि साधारण दर सेकंदाला एकदा ते स्थान, उंची, वेग आणि दिशा मोकळ्या हवेत पुकारते. घाटात वळणावर ड्रायव्हर हॉर्न देतो तो कोणा एकाला उद्देशून नसतो. जो ऐकेल त्याच्यासाठी असतो. तसेच हे.

हॉर्न वाजवण्याच्या सोयीला ‘आउट’ म्हणतात आणि ऐकण्याच्या सोयीला ‘इन’. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांच्या भोवतीच्या आणि बहुतांश ठिकाणी १०,००० फुटांच्या वरच्या आकाशात ‘आउट’ सक्तीचे झाले. ‘इन’ ऐच्छिकच राहिले. पण लहान विमानांच्या मालकांनी ‘आउट’वरचा खर्च कुरकुर न करता करावा म्हणून सरकारने ‘इन’मध्ये एक आमिष ठेवले. देशभर उभारलेली सहाशेहून अधिक जमिनी केंद्रे हवामानाची माहिती फुकट प्रक्षेपित करतात. काचेवरची डबी जे ऐकते ते यांतले दोन्ही, इतर विमानांचे हॉर्न आणि जमिनीवरून येणारे हवामान.

आकाश एवढे मोठे, मग धडक होतेच कशी?

हा आक्षेप स्वाभाविक आहे. पण विमाने आकाशात सारखी पसरलेली नसतात. ती विमानतळाकडे येतात, ठरलेल्या खुणांवरून वळतात, ठरलेल्या उंचीवर उडतात आणि उतरण्यापूर्वी धावपट्टीभोवतीच्या चौकोनी फेरीत, म्हणजे सर्किटमध्ये, एकामागे एक लागतात. जत्रेचे मैदान कितीही मोठे असले तरी चेंगराचेंगरी व्हायची ती देवळाच्या दारातच. म्हणूनच लहान विमानांच्या हवेतल्या धडका बहुतेक वेळा स्वच्छ हवेत, दिवसाढवळ्या आणि विमानतळाजवळ झालेल्या आढळतात. धुक्यात किंवा रात्री कमी होतात, कारण तेव्हा हौशी वैमानिक फारसे उडतच नाहीत.

वैमानिकाला डोळे आहेत ना?

आहेत, आणि अमेरिकी नियमांप्रमाणे हवा स्वच्छ असताना दुसरे विमान पाहून टाळण्याची जबाबदारी वैमानिकाच्याच डोळ्यांवर आहे. तो नियम ही डबी बदलत नाही. पण डोळ्यांचे गणित एकदा मांडून पाहण्यासारखे आहे.

दोन सेस्ना समोरासमोर येत आहेत, प्रत्येकीचा वेग ११० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २०० किलोमीटर. त्यांच्यातले अंतर दर सेकंदाला सुमारे ११३ मीटरने घटते. विमान नजरेस पडणे, ते विमान आहे हे उमगणे, ते आपल्यावरच येत आहे हे कळणे, कुठे वळायचे ते ठरवणे, हात हलणे आणि विमान प्रत्यक्ष वळणे, या सगळ्यांना मिळून १२.५ सेकंद लागतात असे अमेरिकेच्या हवाई प्रशासनाची मार्गदर्शिका सांगते. तेवढ्या वेळात १,४०० मीटर संपतात. म्हणजे ते विमान निदान १,४०० मीटरवर असतानाच दिसले पाहिजे. सेस्नाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११ मीटर भरतात; १,४०० मीटरवरून ही लांबी पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा किंचित कमी दिसते. त्यातही चंद्र ही भरलेली थाळी असते, तर समोरून येणारे विमान ही केवळ एक बारीक रेघ.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. आपल्या डोळ्याला हलणारी वस्तू चटकन टिपता येते. पण दोन विमाने सरळ रेषेत, कायम वेगाने एकमेकांवर आदळण्याच्या मार्गावर असली, तर प्रत्येकाला दुसरे विमान काचेवर एकाच जागी स्थिर दिसते. जे विमान काचेवर सरकते ते आपल्यापुढून किंवा मागून निघून जाणार असते. जे सरकत नाही ते येऊन आदळणार असते. ते बराच वेळ काचेवर चिरडलेल्या किड्याच्या डागासारखे राहते आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठे होते. तो डाग खिडकीच्या खांबाआड असेल तर तेवढेही दिसत नाही.

२५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगोवर एक प्रवासी बोइंग ७२७ आणि एक सेस्ना १७२ यांची धडक होऊन जमिनीवरच्या सात जणांसह १४४ जण मरण पावले. त्या दिवशी हवा स्वच्छ होती, नियंत्रकाने बोइंगला सेस्नाची सूचना दिली होती आणि वैमानिकांनी तिला पाहिलेही होते. मग ती नजरेआड झाली आणि ती मागे गेली असावी असा त्यांचा समज झाला.

ऑस्ट्रेलियाच्या हवाई अपघात तपास विभागाने १९९१ साली ‘पाहा आणि टाळा’ या तत्त्वाच्या मर्यादांवर एक अहवाल काढला. कुठे पाहायचे हे आधी सांगितलेले असेल, तर नजरेचा शोध आठपट परिणामकारक होतो असे त्यात नमूद आहे. डबीचे विमानविषयक काम मला विचाराल तर एवढेच आहे आणि ते मोठे आहे. ‘उजवीकडे, दोन मैल, दोनशे फूट खाली’ असे कानातल्या हेडसेटमध्ये ऐकू आले की मान त्या बाजूला वळते. बघायचे काम डोळ्यांनाच करावे लागते. डबी त्यांना फक्त पत्ता देते.

पडद्यावर नसलेले विमान

आता अपुरेपणाचा भाग, आणि या लेखातला सर्वांत महत्त्वाचा.

पहिले कारण असे की एडीएस-बी अमेरिकेत दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर चालते. मोठी विमाने १०९० मेगाहर्ट्झवर बोलतात, जी जगभर चालते. १८,००० फुटांच्या खाली उडणाऱ्या अनेक लहान विमानांनी ९७८ मेगाहर्ट्झचा पर्याय घेतला आहे. दोन्ही ऐकणारी डबी असेल तर प्रश्न नाही. एकच ऐकणारी असेल तर तिला एक भाषा कळते आणि दुसरी कळत नाही. जमिनीवरची केंद्रे दुभाष्याचे काम करून एका फ्रिक्वेन्सीवरचे दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा सांगतात, आणि ज्यांच्याकडे ‘आउट’ नाही पण जुना ट्रान्सपॉन्डर आहे, अशी विमाने रडारवरून पाहून त्यांचेही स्थान कळवतात. ऐकायला हे छान वाटते.

मेख इथे आहे. ही दुभाष्याची सेवा केंद्रे सरसकट देत नाहीत. ज्या विमानात ‘आउट’ आहे आणि आपल्याला ऐकताही येते असे जे विमान कळवते, त्याच्या भोवती १५ सागरी मैल आणि वर-खाली ३,५०० फूट, एवढ्याच चकतीतली विमाने केंद्र त्याच्यासाठी पुकारते. पाण्याच्या टँकरसारखे हे आहे. ज्या सोसायटीने नोंदणी केली तिच्या दारात टँकर येतो. शेजारच्या चाळीतला माणूस हंडा घेऊन तिथे गेला तर त्यालाही पाणी मिळते, पण टँकर त्याच्यासाठी आलेला नसतो आणि तो कधी निघून जाईल हे त्याला कोणी सांगत नाही. स्वतःच्या विमानात ‘आउट’ नसताना केवळ डबी विकत घेणारा वैमानिक हा तो हंडेवाला. त्याच्या पडद्यावर कधी वीस विमाने दिसतात, कधी दोन. आणि दोन दिसतात तेव्हा आकाशात दोनच आहेत असे त्याला वाटते, हा खरा धोका.

शिवाय रडारवरून आलेले स्थान दर सेकंदाला बदलत नाही. रडारच्या एका फेरीला प्रकाराप्रमाणे साधारण ५ ते १२ सेकंद लागतात. आणि काही विमाने तर कोणत्याच मार्गाने दिसत नाहीत. मुळात विजेची यंत्रणाच नसलेली जुनी विमाने, ग्लायडर आणि बलून यांना सक्तीतून सवलती आहेत. नकाशावर त्यांच्या जागी काहीही नसते. डबी विमानाच्या आत असल्याने विमानाचा धातू, इंजिन, कधी शेजारी बसलेल्या माणसाचे शरीर संकेतांच्या आड येते. वरच्या पंखाच्या विमानातून वरचे आणि खालच्या पंखाच्या विमानातून खालचे ऐकायला अडचण पडते, आणि दिसायलाही नेमके तेच अवघड असते.

उलटाही प्रकार होतो. कधी कधी आपलेच विमान रडारवरून पाहून परत सांगितले जाते आणि आपल्याला अगदी चिकटून, आपल्याच उंचीवर उडणारे एक ‘भूत’ पडद्यावर येते. पहिल्यांदा ते पाहिलेल्या वैमानिकाची छाती धडधडते. दहाव्यांदा तो त्याकडे लक्ष देत नाही, आणि हे दुसरे जास्त वाईट.

अलास्कातील केचिकनजवळ १३ मे २०१९ रोजी घडलेली घटना अपुरेपणाचा धडा म्हणून मुद्दाम सविस्तर सांगतो. पर्यटकांना फिरवून आणणारी, पाण्यावर उतरणारी दोन विमाने, एक बीव्हर आणि एक ऑटर, दिवसाउजेडी चांगल्या हवेत आदळली. बीव्हरमधले पाचही जण आणि ऑटरमधला एक, असे सहा जण गेले. दोन्ही विमानांत एडीएस-बीची उपकरणे होती, म्हणजे कागदावर दोघांना एकमेकांचा पत्ता असायला हवा होता. पण ऑटरमधला एक नियंत्रण फलक बंद असल्याने ते विमान आपले स्थान सांगत होते आणि उंची सांगत नव्हते. उंची माहीत नसलेल्या विमानाबद्दल ‘धडक होणार’ असा इशारा बीव्हरमधल्या यंत्रणेला देता येत नव्हता. ऑटरच्या पडद्यावर बीव्हर दिसू शकत होते, पण इशारा देणारी जुनी सोय उपकरण बदलताना गेलेली होती, आणि वैमानिकाने पडद्याकडे शेवटचे पाहिले होते ते धडकेच्या सुमारे चार मिनिटे आधी. चार मिनिटांपूर्वी तिथे काही चिंतेचे नव्हते. एका बाजूला अर्धवट हॉर्न, दुसऱ्या बाजूला न बोलणारा पडदा.

म्हणून पडद्यावर बाण दिसला तर तिथे कोणीतरी आहे असे खुशाल माना. पडदा रिकामा असला तर त्यावरून काहीही मानू नका.

पिशवीवरची वेळ आणि धारेची वेळ

हवामानाच्या बाबतीत अडचण निराळी आहे. इथे माहितीची कमतरता नसते. अमेरिकेभर सुमारे १६० डॉप्लर रडारांचे नेक्सरॅड नावाचे जाळे आहे आणि त्यांच्या चित्रांची गोधडी शिवून ती जमिनी केंद्रांवरून प्रक्षेपित केली जाते. प्रश्न आहे तो ही गोधडी शिवायला लागणाऱ्या वेळाचा.

एक रडार पाऊस असताना आकाशाचे वेगवेगळ्या उंचीवरचे थर एकामागून एक तपासते. त्याला साधारण चार ते सहा मिनिटे लागतात. मग अनेक रडारांची चित्रे एकत्र येतात, जोडली जातात, दाबून लहान केली जातात, केंद्रांकडे जातात आणि ठरावीक अंतराने पुकारली जातात. आसपासच्या प्रदेशाचे बारीक चित्र दर पाच मिनिटांनी नवे होते, संपूर्ण देशाचे जाडेभरडे चित्र पंधरा मिनिटांनी. आयपॅडवर कोपऱ्यात ‘२ मिनिटे’ असे चित्राचे वय लिहिलेले असते आणि गैरसमज तिथेच होतो. ते वय गोधडी शिवून झाल्यापासूनचे असते, रडारने ढग पाहिल्यापासूनचे नसते. दुधाच्या पिशवीवर पॅकिंगची वेळ छापलेली असते, धार काढल्याची नसते, तसेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जून २०१२ मध्ये वैमानिकांना यासाठी खास इशारा काढला. प्रतिकूल परिस्थितीत प्रत्यक्ष वय हे छापलेल्या वयाहून १५ ते २० मिनिटांनी जास्त असू शकते, असे त्यात म्हटले आहे.

पंधरा मिनिटे म्हणजे किती? ३० नॉटने सरकणारे वादळ तेवढ्या वेळात साडेसात सागरी मैल, म्हणजे सुमारे १४ किलोमीटर जाते. चर्चगेटवरचा पाऊस वांद्र्याला पोहोचला आणि पडद्यावर अजून चर्चगेटलाच आहे, असा तो हिशेब. वादळ केवळ सरकत नाही, ते वाढतेही. उन्हाळी दुपारी साधा दिसणारा ढग तेवढ्या वेळात गडगडाटी होऊ शकतो आणि पडद्यावर दिसणारी दोन ढगांमधली मोकळी वाट प्रत्यक्षात बुजलेली असू शकते. मुंबईकरांना याचा अनुभव नवा नाही. हवामान खात्याच्या कुलाबा आणि वेरावलीच्या रडारांची चित्रे पावसाळ्यात फोनवर पाहत, ‘अजून अर्धा तास आहे’ असे म्हणत छत्री न घेता बाहेर पडलेला आणि कोपऱ्यावर भिजलेला माणूस प्रत्येक इमारतीत असतो. फरक एवढाच की तो केवळ भिजतो.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. हे रंग पावसाचे आहेत. ढगांचे नाहीत, धुक्याचे नाहीत, हेलकाव्यांचेही नाहीत. पडद्यावर कोरी दिसणारी जागा डोंगरात धुक्याने भरलेली असू शकते, किंवा तिथे रडार पोहोचतच नसेल.

मग या चित्राचा उपयोग काय?

खूप आहे, जर ते लांबून वापरले तर. वरच्या इशाऱ्यात मंडळाने दोन अपघातांचा दाखला दिला होता. मार्च २०१० मध्ये टेनेसीतील ब्राउन्सव्हिलजवळ रुग्णसेवेचे हेलिकॉप्टर रुग्णाला पोहोचवून, येणाऱ्या वादळाच्या आधी आपल्या तळावर परतायच्या बेताने निघाले आणि कोसळले, तिघे गेले. पडद्यावर वादळ तळापासून काही मैल दूर दिसत होते, प्रत्यक्षात ते तळावर येऊन ठेपले होते. डिसेंबर २०११ मध्ये टेक्ससमधील ब्रायनजवळ एक खासगी पायपर विमान वादळी पट्ट्यात शिरून पडले आणि पाच जणांचा अंत झाला. तिथेही चित्र आपले वय सांगत होते त्याहून जुने होते. दोन्ही वैमानिकांकडे माहिती होती. ती नसती तर कदाचित ते इतक्या जवळ गेलेच नसते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह पूर्ण चुकीचा आहे असे मला वाटत नाही.

तीव्र वादळापासून निदान २० मैल दूर राहा, ही वैमानिकांना दिली जाणारी जुनी शिकवण आहे. हे २० मैल आणि चित्राचे शिळेपण यांचा हिशेब एकत्र करून पाहावा. वीस मिनिटांत वादळ दहा सागरी मैल सरकते. तुम्ही २० मैलांचे अंतर ठेवून वळसा घालत असाल तर चित्र पूर्ण शिळे निघाले तरी हातात दहा मैल उरतात. तुम्ही पाच मैलांच्या फटीतून जात असाल तर काहीच उरत नाही. मोठ्या विमानाच्या नाकात स्वतःचे रडार असते आणि ते या क्षणीचा पाऊस दाखवते. त्यावर बघून ढगांमधून वाट काढता येते. डबीवर बघून ती काढता येत नाही. डबी सत्तर मैलांवरून सांगते की आज त्या बाजूला जाऊ नकोस, पश्चिमेच्या गावात उतर, दोन तास थांब. पूर्वी हे कळायला रेडिओवर कोणाला तरी विचारावे लागे आणि ऐकलेल्या वर्णनावरून मनात नकाशा काढावा लागे. ज्याने तसे केले आहे तो या रंगीत चित्राला नावे ठेवणार नाही.

पडद्यात डोके खुपसून बसण्याचे काय?

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. विमानतळाजवळ, सर्किटमध्ये, जिथे धडकेचा धोका सर्वाधिक, तिथेच पडद्यावर बाणांची सर्वांत जास्त गर्दी होते आणि हेडसेटमध्ये इशाऱ्यांचा भडिमार सुरू होतो. त्याच वेळी वैमानिकाने बाहेर पाहायचे असते, वेग सांभाळायचा असतो आणि रेडिओवर आपली जागा सांगायची असते. म्हणून अनुभवी शिक्षक विद्यार्थ्याला पडद्यासाठी ओझरती नजर शिकवतात. दोन-तीन सेकंद आत, मग बराच वेळ बाहेर. आवाजी इशारा चालू ठेवायचा, म्हणजे पडदा बघायची गरजच कमी होते. आणि पडद्यावरच्या बाणावरून मनाने वळण घ्यायचे नाही, कारण आपण डावीकडे वळतो आहोत हे त्या दुसऱ्या वैमानिकाला माहीत नसते आणि तोही त्याच्या पडद्यावर पाहून त्याच बाजूला येऊ शकतो.

मोठ्या प्रवासी विमानांत ही अडचण टीकॅस नावाच्या यंत्रणेने सोडवलेली आहे. ती दुसऱ्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरला स्वतः प्रश्न विचारते आणि दोन्ही विमानांतल्या यंत्रणा आपसांत ठरवून एकाला ‘चढ’ आणि दुसऱ्याला ‘उतर’ असा हुकूम देतात. मग तीच लहान विमानांत का बसवत नाहीत? ती महाग आणि जड आहे, आणि अनेक लहान विमानांना तिच्या हुकुमाएवढे वेगाने चढता येत नाही. डबी हुकूम देत नाही. तिला तसा अधिकारही नाही. सक्तीच्या ‘आउट’ यंत्राला जी तपासणी आणि प्रमाणपत्र लागते ते काचेवरच्या डबीला लागत नाही, आणि ती स्वस्त आहे त्याचे हेही एक कारण आहे.

हीच डबी भारतात आणली तर?

पुणे, नाशिक, नागपूरकडची बरीच मुले वैमानिक होण्यासाठी फ्लोरिडा, टेक्सस, ॲरिझोनात शिकायला जातात आणि परतताना त्यांच्या सामानात कधी ही डबी असते. तिचा हवामानाचा अर्धा भाग इथे मुका होतो. ९७८ मेगाहर्ट्झवरची जमिनी सेवा ही अमेरिकेची व्यवस्था आहे. आपल्याकडे तसे प्रक्षेपण नाही, त्यामुळे पडद्यावर रंगीत ओघळ येत नाही. १०९० मेगाहर्ट्झवर मात्र मुंबईकडे येणारी-जाणारी प्रवासी विमाने ऐकू येतात, कारण त्यांचा हॉर्न जगभर सारखाच आहे. ती बहुतेक खूप उंचावर असतात आणि दोन हजार फुटांवर उडणाऱ्या प्रशिक्षण विमानाला त्यांच्यापासून धोका नसतो. धोका असतो तो शेजारच्या प्रशिक्षण विमानाचा, आणि ते हॉर्न देत असेलच असे धरून चालता येत नाही.

युरोपात हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटत आला. तिथल्या ग्लायडरवाल्यांमध्ये २००४ पासून स्वित्झर्लंडचे फ्लार्म हे यंत्र पसरले, जे मुळात फ्लार्म असलेल्या दुसऱ्या विमानाशीच बोलते. ब्रिटनने २०२० मध्ये लहान विमानांच्या मालकांना असे उपकरण घेण्यासाठी निम्मी किंमत, कमाल २५० पौंडांपर्यंत, परत देण्याची योजना काढली. सक्ती करण्यापेक्षा हॉर्नच स्वस्त करायचा, हा विचार मला पटतो. ऐकणाऱ्यांची संख्या कितीही वाढली तरी वाजवणारे वाढल्याशिवाय पडदा अपुराच राहतो.

स्थान उपग्रहांवरून काढले जात असल्याने या सगळ्यावर आणखी एक सावट आहे. उपग्रहाचा संकेत दाबला किंवा खोटा पाठवला तर हॉर्नही खोट्या जागेवरून वाजतो. २०२५ मध्ये दिल्लीच्या आसपास विमानांना असे खोटे संकेत मिळाल्याच्या बातम्या आल्या होत्या.

बारामती किंवा धुळ्याच्या धावपट्टीभोवती फेऱ्या मारणारा विद्यार्थी आजही मुख्यतः कानांवर उडतो. इतरांनी रेडिओवर सांगितलेली जागा ऐकून तो मांडीवरच्या वहीत पेन्सिलीने खूण करतो, ढगांची उंची निघण्यापूर्वीच्या अहवालातून पाठ करून आलेला असतो आणि पश्चिमेकडे काळे दिसू लागले की रेडिओवर सांगून उतरायला येतो. अमेरिकेतून परतलेल्या मुलाला पहिले काही आठवडे पडद्याविना चुकल्यासारखे होते. पण तिथेही, उड्डाणानंतर इंजिन बंद करताना त्याच्या शिक्षकाने आयपॅडकडे बोट दाखवून बहुधा हेच विचारलेले असते: मघाशी डावीकडून गेलेले ते पिवळे विमान यात होते का?